उभ्या काट्यांचा शब्द

सातव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या सेव्हिल शहरात इसिदोर नावाचा बिशप होऊन गेला. जगाबद्दल जेवढं म्हणून ठाऊक आहे तेवढं सगळं एका ग्रंथात उतरवायचं त्याने मनावर घेतलं होतं. रोमचं साम्राज्य पश्चिमेत मोडून पडलं होतं, जुनी ग्रंथालयं विखुरली होती, आणि हा माणूस घोडे, दगड, जहाजं, आजार, देवदूत, मासे अशा एकेका गोष्टीचं नाव हातात घेऊन विचारत होता, हे नाव याला का पडलं? 20 भागांच्या त्या ग्रंथाचं नावच 'व्युत्पत्ती'. 636 साली तो वारला. त्याचं काम हजारभर वर्षं युरोपभर वाचलं गेलं.

त्याच्या बाराव्या भागात प्राणी आहेत. तिथे एका काटेरी प्राण्याबद्दल तो म्हणतो, याला 'एरिकिउस' म्हणतात, कारण काट्यांत स्वतःला मिटून घेताना हा स्वतःला ताठ उभारतो. थोडं पुढे समुद्रातल्या जीवांकडे वळल्यावर पुन्हा एक काटेरी प्राणी येतो, इंग्रजीत ज्याला 'सी अर्चिन' म्हणतात तो. साधी माणसं ज्याला एरिकिउस म्हणतात त्या जमिनीवरच्या प्राण्यावरून याचं नाव पडलंय, असं तो सांगतो. याच्या कवचावर काटे कसे? तर चेस्टनट सालीसकट झाडावरून खाली पडतो तेव्हा दिसतो तसे. आणि आतलं मांस मऊ, शेंदरासारखं लाल.

हा मजकूर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थबकले. जमिनीवरचा प्राणी, समुद्रातला जीव आणि चेस्टनटचं काटेरी फळ, तिघं एका परिच्छेदाच्या अंतरात. आजच्या स्पॅनिशमध्येही या तिघांना एकच शब्द आहे. लॅटिन 'एरिकिउस'चा झालेला 'एरीथो'. माद्रिदमध्ये 'एरीथो', मेक्सिकोपासून चिलीपर्यंत 'एरीसो', आणि खुद्द इसिदोरच्या सेव्हिलमध्ये गल्ली बदलली की 'थ'चा 'स' होतो. मी स्पॅनिश शिकवते. शब्दसंग्रहाच्या यादीत हा शब्द प्राण्यांच्या पानावर कुठेतरी शेवटी असतो, जिराफ आणि पाणघोड्याच्या नंतर. विद्यार्थी तो पाठ करतात आणि विसरतात. मला मात्र तो सोडवत नाही.

आधी प्राण्याची ओळख करून द्यायला हवी, कारण आपल्याकडे बहुतेकांचा इथेच गोंधळ होतो. काटेरी प्राणी म्हटलं की मराठी माणसाला साळिंदर आठवतं. साळिंदर मोठं, उंदराच्या कुळातलं, पाठीवर हातभर लांब काळीपांढरी पिसं, म्हणजे काटे. स्पॅनिशमध्ये त्याला 'पुएर्कोएस्पीन' म्हणतात, काट्यांचं डुक्कर. एरीथो वेगळा. इंग्रजी पुस्तकांतला हेजहॉग तो. आपल्या कोशांत त्याला 'जाहक' असं संस्कृत नाव आहे, पण बोलण्यात ते कुणी वापरत नाही. लांबी वीत-सव्वा वीत, वजन किलोच्या आतबाहेर, तोंड टोकदार, डोळे अधू, नाक भलतंच तीक्ष्ण. रात्री बाहेर पडतो आणि पालापाचोळ्यात नाक खुपसून किडे, सुरवंट, गांडुळं शोधत फिरतो. स्पेनमध्ये याच्या दोन जाती आहेत. एक सगळ्या पश्चिम युरोपात सापडणारी. दुसरी भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याने आणि बालेआर बेटांवर राहणारी, तिला 'एरीथो मोरूनो' म्हणजे मूर लोकांचा एरीथो म्हणतात, कारण तिचं मूळ घर उत्तर आफ्रिका.

त्याच्या पाठीवर पाच ते सात हजार काटे असतात. हे काटे म्हणजे केसच. आपले केस आणि नखं ज्या केराटिनची, त्याचेच ते बनलेले. फक्त जाड, आतून पोकळ, आणि वाकून मोडू नयेत म्हणून आत पडदे असलेले. शांत असताना ते मागे पडलेले असतात, त्यावरून हात फिरवता येतो. चाहूल लागली की कातडीतले स्नायू आखडतात आणि काटे उठून उभे राहतात, वेगवेगळ्या दिशांना, एकमेकांना छेद देत. त्याखाली कडेकडेने एक गोल स्नायू असतो. तो आवळला की बटव्याची नाडी ओढावी तसं पाठीचं कातडं पाय, पोट, तोंड सगळं आत घेऊन वरून मिटतं. पिल्लं जन्मतात तेव्हा काटे कातडीखाली असतात, वर पाण्याने फुगलेलं मऊ कातडं. काही तासांत ते पाणी जिरतं आणि पांढरे काटे वर येतात. आईला इजा होऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही सोय मला फार हृद्य वाटते.

तर इसिदोर म्हणाला, हा स्वतःला उभारतो म्हणून एरिकिउस. त्याच्या बऱ्याच व्युत्पत्त्या आज टिकत नाहीत. नुसत्या कानाला जुळणाऱ्या दोन शब्दांची तो गाठ मारून टाकतो. इथेही त्याने 'उभारणे' या अर्थाचं जे लॅटिन क्रियापद पुढे केलं त्याचा एरिकिउसशी भाषिक संबंध नाही. पण अर्थ त्याने नेमका पकडला. या नावाच्या मुळाशी खरोखरच उभं राहण्याची क्रिया आहे. ती कुठून आली ते पुढे सांगते. तिथे पोचायला समुद्रावरून जावं लागेल.

अस्तुरियास हा स्पेनचा उत्तरेचा किनारा. पाऊस, धुकं, हिरवे डोंगर, सफरचंदाची वाइन. तिथल्या खिखोन शहरात समुद्री एरीथोला 'ओरिसिओ' म्हणतात. हिवाळा हा त्यांचा मोसम, कारण थंडीत ते आतून भरलेले असतात. एका संध्याकाळी मी तिथल्या चिग्रेत बसले होते. चिग्रे म्हणजे त्या वाइनचा गुत्ता, जिथे वाढणारा हात डोक्यावर नेऊन बाटलीची धार खाली धरलेल्या पेल्याच्या कडेवर पाडतो. टेबलावर ताटलीभर ओरिसिओ आले. जांभळे, तपकिरी, काही हिरवट. अजून जिवंत होते. काटे हलत होते. एकेक काटा खालच्या गोल उंचवट्यावर खुबीच्या सांध्यासारखा बसवलेला असतो, त्यामुळे तो हव्या त्या दिशेला वळतो. ताटलीत काही बोलल्यासारखी किरकिर चालू होती.

मालकाने जाड कात्री घेतली, तोंडाच्या मऊ भागात टोक खुपसलं आणि गोल कापत नेलं. आतून समुद्राचं पाणी सांडलं. कवचाच्या आतल्या बाजूला नारिंगी पाच जिभा, पाच पाकळ्यांसारख्या चिकटलेल्या. ती त्याची जननग्रंथी. तेवढीच खायची. चमच्याने खरवडून तोंडात टाकली तर आधी खारट, मग गोडसर, मग लोखंडाची चव, आणि मग काही क्षण सगळा समुद्र. इसिदोरचा शेंदूर मला तिथे दिसला. मी विचारलं, हे इथलेच का? मालक म्हणाला, नाही, शेजारच्या गॅलिसियाहून येतात. इथले संपत आले. आता काढायला बंदी आहे. त्याच्या लहानपणी ओहोटीला खडकांवर गोणीने मिळायचे, असं तो सांगत होता. बोलताना तो कात्री पुसत होता, पुन्हा पुन्हा.

चिलीत याच शब्दाखाली वेगळी जात येते, मोठी, मुठीत न मावणारी. तिथे त्या पाच पाकळ्यांना सरळ 'लेंग्वास', जिभा म्हणतात. कच्च्या जिभा, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू. आपल्या जिभेला हे मिश्रण अजिबात परकं वाटणार नाही. त्या एरीसोच्या आतड्याच्या शेवटच्या भागात बरेचदा एक छोटा खेकडा बिऱ्हाड करून असतो आणि तिथले खवय्ये तो जिवंतच तोंडात टाकतात. ते मी केलेलं नाही आणि करणारही नाही. दक्षिण स्पेनच्या कादिसमध्ये कार्निव्हलच्या आधी 'एरिथादा' असते. जुन्या कोळीवस्तीत रस्त्यात टेबलं मांडून लोकांना एरीथो वाटतात, आणि गाणारी मंडळी त्या वर्षीची गाणी म्हणतात.

समुद्रातल्या आणि जमिनीवरच्या या दोन नावबंधूंची एक गोष्ट मला फार आवडते. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलं की जमिनीवरचा काटेरी प्राणी पडलेल्या सफरचंदांवर लोळतो आणि ती काट्यांत खोचून झाडाच्या ढोलीत नेतो. इसिदोरने सफरचंदांऐवजी द्राक्षं घातली. हा वेलीवरचा घड तोडतो, त्यावर उताणा लोळतो आणि पिल्लांना नेऊन देतो. मध्ययुगातल्या हस्तलिखितांत याची चित्रं आहेत, पाठीवर लाल टिपक्यांसारखी फळं घेऊन रांगेत चाललेले एरीथो. हे खरं नाही. त्याला किडे हवे असतात, द्राक्षं नकोत. पण समुद्रातला एरीथो अगदी हेच करतो. भूमध्य समुद्रातली जी जात खाल्ली जाते, ती शिंपल्यांचे तुकडे, शेवाळाची पानं, बारीक खडे उचलून डोक्यावर धरून ठेवते. काट्यांनी आणि नळीसारख्या पायांनी ते ओझं सरकवत सरकवत वर नेते. ऊन चुकवायला म्हणा, लाटांच्या माऱ्यापासून सावरायला म्हणा. आणि प्लिनीने हेही टिपलंय, वादळाची चाहूल लागली की समुद्री काटेरी जीव दगड धरून ठेवतात म्हणून. म्हणजे पाठीवरून सामान वाहणारा एरीथो जगात आहे. गोष्ट सांगणाऱ्यांनी तो पाण्यातून काढून जमिनीवर ठेवला, इतकंच.

चेस्टनटचं फळ गॅलिसियात आणि अस्तुरियासमध्ये शरदात पडतं. गॅलिसियन भाषेत तिघांनाही 'ओउरीथो'. फळाची साल हिरवी, दाट काट्यांची, हात लावायची सोय नाही. लोक लाकडी चिमट्याने उचलायचे किंवा जाड लाकडी बुटाच्या टाचेखाली चिरडून आतली तपकिरी बी काढायचे. डोंगरात या फळांसाठी दगडांची गोल कुंपणं बांधलेली अजून दिसतात. काट्यांसकट फळं त्यात रचून ठेवायची, म्हणजे ती ओलसर राहून हिवाळाभर टिकतात आणि रानडुकरांच्या तोंडी लागत नाहीत. बटाटा आणि मका अमेरिकेतून यायच्या आधी त्या डोंगराळ भागातल्या गरिबांचं पोट याच फळावर चालायचं. नोव्हेंबरात ती भाजून खायचा सण असतो, 'मागोस्तो'.

माणसांनी काय केलं? माणसांनी या प्राण्याचं कातडं सोललं. रोममध्ये लोकरी कापड विंचरून त्यावर लव आणायला काट्यांसकट वाळवलेलं कातडं वापरत. प्लिनी लिहितो की या कातड्यांच्या धंद्यात मक्तेदारी आणि लबाडी एवढी माजली की सिनेटने दुसऱ्या कुठल्याही विषयावर इतके वारंवार ठराव केले नसतील. प्रांतांतून तक्रारी आल्या नाहीत असा एकही सम्राट नाही. ज्या सिनेटचं नाव आपण युद्धं आणि भाषणांसाठी ऐकतो तिच्यासमोर पुन्हा पुन्हा या एवढ्याशा जीवाचं कातडं येत होतं. सैन्याने त्याचं नाव उचललं. इसवी सनापूर्वी 48 मध्ये सीझर आणि पॉम्पी हे रोमन सेनापती आजच्या अल्बेनियातल्या डिऱ्हाकियमला समोरासमोर आले. तिथल्या एका तटाच्या दारापुढे 'एरिकिउस' आडवा टाकला होता, असं सीझर स्वतः लिहितो. तो म्हणजे लोखंडी खिळे ठोकलेला ओंडका. आजही स्पॅनिशमध्ये भिंतीच्या माथ्यावर लावलेल्या लोखंडी टोकांना एरीथो म्हणतात. रणगाडे अडवायला लोखंडी तुळया तिरप्या जोडून जो सांगाडा करतात तो 'एरीथो चेको', चेक एरीथो. युक्रेनच्या रस्त्यांवर तो अलीकडे सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिला.

आणि उजाड जागेचंही नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. बायबलमध्ये यशयाच्या पुस्तकात बाबेलला शाप आहे. स्पॅनिश रेइना-वालेरा भाषांतरात देव म्हणतो की मी ते शहर एरीथोंच्या ताब्यात देईन आणि त्याची पाण्याची डबकी करीन. माणूस निघून गेला की मागे कोण राहील, तर हा.

स्वभावाने खडूस, कुणाला जवळ येऊ न देणाऱ्या माणसालाही स्पॅनिशमध्ये एरीथो म्हणतात. तत्त्वज्ञ शोपेनहाउअरने 1851 मध्ये छापलेला थंडीतल्या काटेरी प्राण्यांचा दृष्टांत स्पॅनिशमध्ये 'एरीथोंचा पेच' म्हणूनच ओळखला जातो. उबेसाठी जवळ यावं तर काटे टोचतात, दूर जावं तर गारठतात. त्याच्या जर्मन मजकुरातला प्राणी खरं तर साळिंदर आहे. पण साळिंदर लांब, काहीसं उर्मट वाटतं. जवळीक हवी असूनही ती न जमणारा जीव म्हणून एरीथो लोकांना जास्त पटला असावा.

आता घराच्या जवळ येते. स्पॅनिशमध्ये 'रीथो' म्हणजे केसाची कुरळी बट. स्पॅनिश अकादमीचा कोश सांगतो, हा शब्दही त्याच लॅटिन एरिकिउसपासून आला. इटालियनमध्ये तर काटेरी प्राणी आणि कुरळी बट दोन्हींना 'रिच्चो' हा एकच शब्द. आणि इटालियनमध्ये 'कापो' म्हणजे डोकं. कापो आणि रिच्चो मिळून 'काप्रिच्चो'. जुन्या इटालियनमध्ये याचा अर्थ होता भीतीने डोक्यावरचे केस उभे राहणं, अंगावर आलेला शहारा. पुढे लहर, अचानक उसळलेली कल्पना, तऱ्हेवाईक हट्ट असा अर्थ त्यावर चढला. स्पॅनिशमध्ये त्याचा 'काप्रीचो' झाला. 1799 मध्ये चित्रकार फ्रान्सिस्को गोयाने 80 चित्रांचा संच छापला आणि माद्रिदच्या देसेंगान्यो रस्त्यावरच्या अत्तरं आणि मद्यं विकणाऱ्या दुकानात विक्रीला ठेवला. नाव दिलं 'काप्रीचोस'. चेटकिणी, गाढवाच्या रूपातले डॉक्टर, धर्मगुरू, टेबलावर डोकं टेकून झोपलेला माणूस आणि त्याच्यामागे उठलेली घुबडं, वटवाघळं. गोयाला लहर, कल्पनेची भरारी हाच अर्थ अभिप्रेत होता. पण ती चित्रं पाहताना शब्दाचा जुना अर्थ आपल्या मानेवर जागा होतो. घुबडांच्या त्या चित्रासमोर माझ्या अंगावर काटा आला होता आणि मला तेव्हा त्या नावात दडलेलं काटेरी डोकं माहीत नव्हतं.

अंगावर काटा आला. स्पॅनिशमध्ये हे असं म्हणतात: 'से मे एरीथा ला पिएल'. माझं कातडं एरीथो होतं. क्रियापदच त्या प्राण्याचं. क्यूबात, व्हेनेझुएलात गाणं ऐकून, कुणाची बातमी ऐकून, बाळाला पहिल्यांदा हातात घेऊन लोक सहज म्हणतात, 'मे एरीसे', मी एरीसो झालो. मेक्सिकोच्या गल्लीतल्या भाषेत नशेची वस्तू न मिळाल्याने तळमळणाऱ्याला एरीसो म्हणतात. ज्यांनी घरात ती तळमळ पाहिली आहे त्यांना त्या माणसाचं काटारलेलं कातडं वेगळं सांगायला नको.

आणि हा नुसता अलंकार नाही. आपल्या जवळजवळ प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीकसा स्नायू असतो. थंडी, भीती, किंवा काही फार सुंदर समोर आलं की आपल्या इच्छेला न विचारता मज्जासंस्था तो आखडते आणि केस उभा राहतो. एरीथोच्या अंगावर तेच शक्तिशाली झालंय आणि केसाच्या जागी काटा आलाय. आपल्याकडे केस विरळ झाले, ती सवय तेवढी राहिली.

या क्रियेचं मूळ शोधत मागे गेलं की लॅटिनच्याही आधीचा धातू लागतो. अभ्यासक तो 'घेर्स' असा काहीसा मांडतात, अर्थ ताठ होणं, केस उभे राहणं. लॅटिनमध्ये त्यापासून एरिकिउसचं मूळ रूप आलं, ज्याच्या आरंभी एके काळी 'ह' होता. त्याच धातूपासून लॅटिन 'होर्रेरे' झालं. त्याचा पहिला अर्थ ताठ उभं राहणं, कणसांनी भरलेलं शेत उभं दिसतं तसं. नंतर भीतीने थरथरणं. त्याचं नाम 'होर्रोर', स्पॅनिशमध्ये 'ओर्रोर', आपण सिनेमासाठी वापरतो तो हॉरर. आणि संस्कृतमध्ये हाच धातू 'हृष्' म्हणून आला. हर्ष. हृष्ट. हर्षित.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी जागची उठले. आपला हर्ष आणि स्पेनच्या झुडपातला तो नाक खुपसणारा जीव एका कुळातले. पटायला अवघड वाटेल म्हणून आणखी दोन जोड्या सांगते. आपला हंस आणि त्यांचा 'आन्सार', म्हणजे बदक-हंसाच्या जातीचा पक्षी. आपलं हिम, हेमंत आणि त्यांचा 'इन्विएर्नो', हिवाळा. प्रत्येक जोडीत आपला 'ह' टिकला, त्यांच्याकडे तो लॅटिनमध्ये होता किंवा असायला हवा होता, आणि पुढे विरला. हर्ष आणि एरीथो याच वाटेने दूर गेले.

पण संस्कृतमध्ये केस विसरले गेले नाहीत. पाणिनीने सातव्या अध्यायात एक सूत्र फक्त याच्यासाठी ठेवलंय: 'हृषेर्लोमसु'. हृष् धातू लोमांच्या, म्हणजे अंगावरच्या केसांच्या बाबतीत वापरला तर रूप 'हृष्ट' असंही होतं आणि 'हृषित' असंही. एवढ्या काटेकोर, एकेक अक्षर वाचवणाऱ्या व्याकरणात अंगावरच्या केसांसाठी वेगळी जागा राखून ठेवलेली बघून मला पाणिनी एकदम ओळखीचा वाटला. त्यालाही कधी काटा आला असणार.

आणि गीता. पहिल्या अध्यायात समोर नातेवाईक उभे बघून अर्जुन म्हणतो, 'वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते.' अंग कापतंय, केस उभे राहिलेत. हा भीतीचा, दुःखाचा रोमहर्ष. सगळं बोलून झाल्यावर अठराव्या अध्यायात संजय धृतराष्ट्राला सांगतो की मी हा अद्भुत, 'रोमहर्षण' संवाद ऐकला, आणि आठवून आठवून मी पुन्हा पुन्हा 'हृष्यामि'. हा आनंदाचा. एकाच ग्रंथाच्या दोन टोकांना एकच केस उभा आहे, एकदा संकटापुढे आणि एकदा साक्षात्कारापुढे. लॅटिनने या क्रियेची भीतीची बाजू घेतली आणि त्याचं होर्रोर केलं. आपण आनंदाची घेतली आणि मुलींची नावं हर्षदा, हर्षिता ठेवली. शरीराला मात्र ही निवड कधी करताच आली नाही. केस उभा राहतो तेव्हा तो का, हे मन नंतर ठरवतं. म्हणून भक्तीच्या अष्टसात्त्विक भावांतला रोमांच आणि रात्री पायाखाली सळसळ झाल्यावरचा काटा आपण कातडीवरून वेगळे ओळखू शकत नाही. पुराणं सांगणाऱ्या सूताचं नावही रोमहर्षण आहे. त्याचं बोलणं ऐकून श्रोत्यांच्या अंगावरचे केस उभे राहत, म्हणून. कथेकऱ्याला याहून मोठी पदवी मला सुचत नाही.

हे सगळं मी वर्गात सांगते. कोशाच्या पानावरचा एक शब्द उघडला की त्यात सेव्हिलचा बिशप, खिखोनची कात्री, गोयाची घुबडं आणि संजय असे एकत्र बसलेले निघतात. पाठ्यपुस्तकाच्या बाहेरचं आहे, परीक्षेत येणार नाही, तरी मी सांगते. एरीथो हे माझ्या लेखी एखाद्या प्राण्याचं नाव उरलेलं नाही. ते एका क्रियेचं नाव आहे आणि तो प्राणी ती क्रिया सगळ्यांत जास्त प्रामाणिकपणे करतो.

त्या क्रियेमुळेच तो आज मरतोय. समोर कुत्रा आला, कोल्हा आला, तर पळायचं नाही, थांबायचं, काटे उभारायचे, मिटून जायचं. त्याच्या कुळात ही रीत लाखो वर्षं चालत आली आणि तिने त्यांना वाचवलं. रात्री रस्ता ओलांडताना गाडीचे दिवे दिसले की तो तेच करतो. ऑक्टोबर 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने पश्चिम युरोपातल्या एरीथोला लाल यादीत एक पायरी खाली नेलं. आधी काळजीचं कारण नसलेल्या जातींत होता, आता संकटाच्या जवळ पोचलेल्यांत. रस्ते हे एक कारण. शेतांच्या कडेची झुडपी कुंपणं काढून टाकली गेली हे दुसरं. आणि कीटकनाशकांमुळे त्याचं खाणंच कमी झालंय.

मला हे मनापासून लागतं. स्पेनमधल्या वन्यजीव रुग्णालयांत शरदात त्याची पिल्लं येतात, आई चिरडलेली, वजन हिवाळा निभावून नेण्याइतकं नसलेली. ती माणसं त्यांना वाढवतात, वजन करतात, आणि वसंतात सोडून देतात. त्यांचा सल्ला साधा आहे आणि तो मी तिथे राहणाऱ्या मराठी मित्रमंडळींना आवर्जून कळवते: बागेच्या कोपऱ्यात वाळक्या पानांचा ढीग तसाच राहू द्या, तो पेटवायच्या आधी काठीने उचकून बघा, गोगलगायींसाठी विष टाकू नका, आणि तहानलेला दिसला तर पाणी द्या, दूध नाही, दुधाने त्याचं पोट बिघडतं.